इंग्रजी लघुकथेतले परदेशस्थ नेपाळी: कोण रांधतो, कोणाकडे कागद आहे

एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रबंधाच्या निमित्ताने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. नेपाळबाहेर राहणाऱ्या नेपाळी माणसांचे जगणे इंग्रजी लघुकथांत जसे येते ते कितपत विश्वासार्ह मानावे, हा पहिला. भारतीय स्थलांतरितांच्या कथा वाचून सरावलेल्या वाचकाला या कथा वेगळ्या का वाटतात, हा दुसरा. आणि दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या लेखकांच्या कथा ‘डायस्पोरा’ (मायदेशाबाहेर विखुरलेला समाज) या सदरात घालाव्यात की नाही, हा तिसरा. या कथा मी पदव्युत्तर वर्गांत बरीच वर्षे शिकवत आलो आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट सापडले की पहिल्या प्रश्नातली निम्मी गुंतागुंत आपोआप सुटते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवरच्या कथा आपण वाचतो तेव्हा त्यांतला ताण बहुधा दोन पिढ्यांमधला असतो: आईवडील इथले, मुले तिथली, आणि मधे भाषा, लग्न, म्हातारपण. त्या कथांतली मराठी माणसे एकमेकांना भेटतात ती साधारण एकाच पायरीवरची असतात. अभियंता अभियंत्याच्या घरी जेवायला जातो, आणि पुण्यात त्याच्या घरी धुणेभांडी करणारी बाई त्या जेवणाच्या टेबलाशी कधीच येत नाही, कारण तिला अमेरिकेला पोचण्याचा रस्ताच नाही. नेपाळी कथेत मात्र ती बाई येते. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेइतकेच अमेरिकेच्या कायद्यातही आहे. 1990 च्या स्थलांतर कायद्यातून निघालेली ‘डायव्हर्सिटी व्हिसा’ची सोडत ज्या देशांतून थोडे लोक अमेरिकेत जातात त्यांच्यासाठी असते. भारतातून आधीच इतके लोक जातात की भारतीयांना तिच्यात भागच घेता येत नाही, तर नेपाळ पात्र देशांच्या यादीत आहे. शिक्षणाची अट बारावीची, किंवा निदान दोन वर्षांचे प्रशिक्षण वा अनुभव लागणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव. काठमांडूच्या गल्लीबोळांतून या सोडतीचे अर्ज भरून देणारी दुकाने असतात, आणि नशीब लागले तर सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा आणि त्याच कचेरीतला शिपाई एकाच वर्षी न्यूयॉर्कला उतरू शकतात. मायदेशात ज्यांनी एकमेकांसमोर खुर्चीवर बसायचे नाही असा रिवाज होता, ती माणसे क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला एकाच मोमोच्या दुकानात शेजारी उभी असतात. या कथांचा खरा मालमसाला इथे आहे. गोऱ्यांच्या देशात एकटा पडलेला तपकिरी माणूस हा विषय त्यांत आहे, पण तो बऱ्याचदा पार्श्वभूमीसारखा येतो. पुढे असतो तो दोन नेपाळी माणसांमधला हिशेब.

हे नेमके पाहायचे तर सिक्कीमचे लेखक प्रज्ज्वल पराजुली यांच्या ‘द गुर्खाज डॉटर’ (2012) या संग्रहातली शेवटची कथा, ‘द इमिग्रंट्स’, घ्यावी. मॅनहॅटनमध्ये चांगल्या नोकरीत असलेला दार्जिलिंगकडचा अमित आणि तिथेच घरकाम करणारी नेपाळमधली साबित्री यांची गाठ पडते आणि दोघांत एक सौदा ठरतो: त्याने तिला इंग्रजी शिकवायचे, तिने त्याच्यासाठी आपल्याकडचा स्वयंपाक करायचा. वरवर पाहता हा बरोबरीचा व्यवहार आहे, आणि अमितलाही तो तसाच वाटावा अशी कथेची मांडणी आहे. पण दोघांच्या हातात काय पडते ते मोजून पाहा. त्याला मिळते ते डाळभात आणि लहानपणची चव, म्हणजे भूतकाळ. तिला हवी आहे ती भाषा, जिच्या जोरावर ती कदाचित उद्या दुसऱ्याच्या घरची भांडी घासायचे सोडील. घरची आठवण ही त्याची चैन आहे आणि ती पुरवण्याचे कष्ट तिचे आहेत. वर्गात विद्यार्थी या कथेला लगेच ‘नॉस्टॅल्जिया’चे लेबल लावतात, तेव्हा मी त्यांना एवढेच विचारतो की या कथेत गॅसपाशी कोण उभे आहे. स्थलांतरितांच्या कथांत अन्नाचे वर्णन भरभरून येते आणि समीक्षकही त्यावर पानेच्या पाने लिहितात, पण ते अन्न शिजवणाऱ्याला घराची आठवण येते की नाही, हे फार थोड्या कथा विचारतात. ही विचारते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अमित हा भारताचा नागरिक आहे आणि साबित्री नेपाळची. भाषा एक, सण एक, पासपोर्ट वेगळे, आणि त्यातून येणारा वरचढपणाही वेगळा. बाहेरच्या माणसाला दोघेही ‘नेपाळी’च दिसतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. मंजुश्री थापा यांच्या ‘टिल्ड अर्थ’ (2007) या संग्रहात सिॲटलला शिकायला गेलेल्या एका तरुणीची कथा आहे. ती विद्यार्थिनी म्हणून जाते आणि पुढे बेकायदा स्थलांतरित होते. ‘बेकायदा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रात्री कुंपणाखालून सरपटणारा माणूस येतो. प्रत्यक्षात विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला काहीच करावे लागत नाही. पुढच्या सत्राची फी भरता आली नाही, नाव नोंदवायचे राहिले, की त्याचा दर्जा जातो. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर काम करायला परवानगीशिवाय बंदी, आणि काम केल्याशिवाय फी निघत नाही, या चरकात किती नेपाळी मुले सापडतात ते अमेरिकेतल्या कोणत्याही लहान विद्यापीठाच्या गावात दिसते. थापा हे सगळे आरडाओरड न करता सांगतात. नायिका कोणता गुन्हा करत नाही, मोठा निर्णयही घेत नाही. काही गोष्टी करायच्या राहून जातात आणि एके दिवशी ती कायद्याच्या पलीकडे असते. माझ्या मते लघुकथेच्या आकाराला हा विषय कादंबरीपेक्षा अधिक मानवतो, कारण कादंबरीला अखेर काही घडवून आणावे लागते आणि इथे तर काही न घडणे हाच आशय आहे.

सम्राट उपाध्याय यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांचे नाव सर्वांत मोठे असले तरी तुमच्या विषयापुरते त्यांचे लेखन तितके उपयोगी नाही. काठमांडूत वाढलेले आणि विशीच्या सुरुवातीला अमेरिकेला गेलेले उपाध्याय इंडियाना विद्यापीठात शिकवतात. ‘अरेस्टिंग गॉड इन काठमांडू’ (2001) या त्यांच्या पहिल्या संग्रहाला व्हाइटिंग पुरस्कार मिळाला आणि पाश्चात्त्य प्रकाशनविश्वात नेपाळी इंग्रजी कथेचे दार उघडले. पण त्या कथा जवळपास सगळ्या काठमांडूतल्या मध्यमवर्गाच्या आहेत: नोकरी गेलेले कारकून, लग्नाबाहेरचे संबंध, सावत्र नाती. लेखक परदेशस्थ, कथा मायदेशातली, असा तो प्रकार आहे. अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने त्यांना ‘बौद्ध चेखॉव्ह’ असे म्हटले होते. उपाध्याय हे ब्राह्मणी आडनाव आहे, हे त्या परीक्षणकर्त्याला कोणी सांगितले नसावे. ‘मॅड कंट्री’ (2017) या नंतरच्या संग्रहात मात्र दोन कथा तुमच्या कामाच्या आहेत. एका कथेत अमेरिकेत शिकणारा नेपाळी तरुण 2014 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन या गावात पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेल्यानंतरच्या अस्वस्थतेत ओढला जातो आणि तिथल्या वर्णभेदाच्या उतरंडीत आपण कुठे बसतो हे त्याला ठरवावे लागते. दुसरी ‘फ्रीक स्ट्रीट’, जिच्यात एक अमेरिकन तरुणी काठमांडूत राहून स्वतः नेपाळी होऊ पाहते. प्रवासाची दिशा उलटी केली की पासपोर्टाचे वजन किती असते ते आपोआप दिसते: तिला हौसेने नेपाळी होता येते आणि कंटाळा आला तर परतही जाता येते.

आता निर्वासितांच्या कथेकडे. पराजुलींच्या संग्रहातली ‘नो लँड इज हर लँड’ ही कथा पूर्व नेपाळमधल्या झापा जिल्ह्यातल्या खुदुनाबारी शिबिरात घडते. तिची नायिका अनामिका ही भूतानमधून बाहेर काढली गेलेली नेपाळीभाषक स्त्री आहे. ही कथा पार्श्वभूमी माहीत नसताना वाचली तर नुसती दुःखाची कथा वाटते, म्हणून ती पार्श्वभूमी सविस्तर देतो. भूतानच्या दक्षिण पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या नेपाळीभाषकांना ल्होत्शाम्पा म्हणतात. भूतानने 1985 मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा केला आणि 1988 च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या लोकांकडे ते 1958 साली देशात राहत असल्याचा पुरावा मागितला, म्हणजे व्यवहारात त्याच वर्षाची जमीनकराची पावती. 1957 ची पावती असली तरी भागत नसे. लोकांची सात वर्गांत विभागणी झाली आणि नवरा एका वर्गात, बायको दुसऱ्या वर्गात, मुले तिसऱ्या वर्गात अशी घरे फुटली. पुढे आंदोलन, अटका, दडपशाही, आणि 1990 नंतर एक लाखाच्या आसपास माणसे देशाबाहेर. भूतान आणि नेपाळ यांची सीमा कुठेही भिडत नाही; मधे भारत आहे. भारताने या लोकांना आपल्याकडे ठेवून घेतले नाही, त्यांना ट्रकांतून पुढे नेपाळच्या हद्दीत पोचवण्यात आले, आणि झापा-मोरंगमधल्या सात शिबिरांत बांबूच्या झोपड्यांत ते वीस-वीस वर्षे राहिले.

यातली विचित्र गोष्ट अशी की ही माणसे आपल्या ‘मूळ देशात’ येऊन निर्वासित झाली. भाषा तीच, दशैंचा (नेपाळी दसऱ्याचा) टिका तोच, देव तेच, तरी नेपाळने त्यांना नागरिकत्व दिले नाही आणि भूतानने परत घेतले नाही. 2007 च्या अखेरीस तिसऱ्या देशांत पुनर्वसनाची योजना सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत एक लाखाहून अधिक लोक आठ देशांत गेले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या काही शहरांत आज त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. परदेशी जाण्याचा निर्णय म्हटले की आपण महत्त्वाकांक्षा धरून चालतो. शिबिरात हा निर्णय पराभवाची कबुलीही होता, कारण अमेरिकेला जायला होकार देणे म्हणजे भूतानला परतण्याचा दावा सोडणे, असे म्हणणारे ज्येष्ठ लोक आणि राजकीय गट तिथे होते आणि त्यावरून हाणामाऱ्याही झाल्या. या पार्श्वभूमीवर अनामिकेचे अमेरिकेकडे डोळे लावून बसणे वाचले की त्या कथेतली वाट पाहण्याची क्रिया किती ओझ्याची आहे ते समजते. तिच्या जातीचा, स्त्री म्हणून सोसाव्या लागलेल्या बोलण्यांचा आणि निर्वासित ओळखपत्राचा हिशेब एकाच कथेत मांडायचा म्हणून लेखकाने काही जागी घाई केली आहे, हेही सांगायला हवे. तो ऐवज दीर्घकथेचा होता.

गुरखा सैनिकांविषयी फार लिहीत नाही, कारण त्या विषयावर इतिहास आणि आठवणी मुबलक आहेत. पराजुलींच्या संग्रहाला नाव देणारी कथा वाचावी ती तिच्या कोनासाठी. दोन लहान मुली आपापल्या फौजी वडिलांची नक्कल करत खेळतात आणि त्या खेळात ब्रिटिशांनी गुरख्यांना दिलेल्या वागणुकीची तक्रार, तिचा अर्थ नीट न कळता, मुलींच्या तोंडून येते. 1997 पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क 2009 मध्ये, मोठ्या आंदोलनानंतर मिळाला, आणि पेन्शनमधल्या तफावतीचा वाद त्यानंतरही चालू राहिला. त्या मुली जे बोलतात ते त्या काळात नेपाळमधल्या पेन्शनर घरांच्या ओसरीवर रोज बोलले जात होते.

आता पहिला प्रश्न, विश्वासार्हतेचा. जे दाखवले आहे ते बहुतांशी खरे आहे. अडचण आहे ती जे दाखवलेच नाही त्याची. 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 22 लाख नेपाळी देशाबाहेर होते. त्यांतला फार मोठा हिस्सा कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया आणि भारत इथला आहे, आणि देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका पैसा बाहेरून येतो. काठमांडूच्या विमानतळावर एका दारातून निळ्या टोप्या घातलेली मजूर मुले जथ्याने आखाताकडे जातात आणि दुसरीकडे तिकडून शवपेट्या येतात, हे रोजचे दृश्य आहे. इंग्रजी लघुकथेत मात्र न्यूयॉर्क, सिॲटल, लंडन यांना जी जागा आहे तिच्या तुलनेत कतारमधल्या दोहाला नगण्य जागा आहे. कारण सरळ आहे. इंग्रजीत कथा लिहिणारा नेपाळी बहुधा काठमांडूतल्या किंवा दार्जिलिंग-कालिम्पोंगकडच्या इंग्रजी शाळेत शिकलेला असतो. त्याचे भाऊबंद अमेरिकेला जातात, दोहाला जातो तो त्याच्या घरच्या माळ्याचा मुलगा. आखातावरचे कसदार लेखन नेपाळी भाषेत आणि वृत्तलेखांत शोधावे लागते. साहित्यच असा भेद करते असे नाही. नेपाळच्या 2007 च्या अनिवासी नेपाळी कायद्याने सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई संघटनेच्या देशांत राहणाऱ्यांना अनिवासी नेपाळी मानलेले नाही, म्हणजे भारतात राबणारा नेपाळी राज्याच्या व्याख्येतूनही बाहेर आहे.

आपल्या बाजूने या अदृश्य भागाची ओळख आपल्याला चांगली आहे, फक्त आपण तिला साहित्याचा विषय मानत नाही. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत हंगामाला राखणीसाठी आणि फवारणी-तोडणीसाठी येणारे नेपाळी गडी, तिथल्याच मच्छीमार बोटींवरचे नेपाळी खलाशी, मुंबई-पुण्याच्या चायनीजच्या गाड्यांवरची मुले, गोव्याच्या शॅकमधले आचारी, सोसायटीच्या दारावरचा माणूस ज्याचे नाव कोणी विचारत नाही आणि सगळे ‘बहादूर’ म्हणतात. पराजुलींच्या ‘द क्लेफ्ट’ या कथेत मुंबईचे टोक येते, पण दुरून. फाटक्या ओठाची मोलकरीण काली हिला मुंबईला जाऊन सिनेमात चमकायचे आहे, आणि ती पळून जाण्याचे मनसुबे रचत मालकिणीबरोबर काठमांडूच्या वाटेवर आहे. कथा मुंबईपर्यंत जात नाही. मराठी वाचकाच्या पोटात गोळा येतो तो तिथेच, कारण मुंबईत नेऊन आयुष्य बदलून देण्याच्या वचनाचा शेवट कामाठीपुऱ्यात कसा होत असे ते आपल्याला ठाऊक आहे. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर छापे पडून शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांना परत घेण्यात त्यांच्या सरकारने चालढकल केली. अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्यांना नेले. ही माहिती कथेत कुठेही नाही. लेखकाने ती वाचकावर सोडली आहे, आणि मला तो निर्णय पटतो.

याच्या उलट जी खोड खटकते ती समजावून सांगण्याची. दिल्ली, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या वाचकासाठी लिहिताना पात्राच्या तोंडी अशी वाक्ये येतात जी एक नेपाळी दुसऱ्या नेपाळ्याला कधीच म्हणणार नाही: दशैंत मोठी माणसे कपाळाला टिका लावतात आणि जमरा, म्हणजे जवाचे कोवळे कोंब, देतात, बाहुन म्हणजे वरची जात, वगैरे. प्रबंधात अशा जागा हेरून त्यांची नोंद ठेवा. कोणती कथा कोणासाठी लिहिली आहे ते भूमिकेपेक्षा या वाक्यांवरून जास्त खात्रीने कळते. माझा अनुभव असा की जिथे लेखक आपल्या वर्गाच्या बाहेरच्या पात्राबद्दल लिहितो तिथे हे समजावणे वाढते आणि जिथे तो आपल्याच घरातले भांडण लिहितो तिथे ते जवळपास थांबते.

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिक्कीम आणि आसाममधल्या नेपाळीभाषकांना सरसकट ‘डायस्पोरा’ म्हणू नये. 2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 29 लाख लोकांनी नेपाळी ही मातृभाषा सांगितली. 1992 च्या घटनादुरुस्तीने कोकणी आणि मणिपुरीबरोबरच नेपाळी आठव्या परिशिष्टात आली. या लोकांचे पूर्वज चहाच्या मळ्यांच्या आणि लष्करभरतीच्या काळात आले, आणि 1980 च्या दशकापासूनच्या गोरखालँड आंदोलनाचा गाभाच हा आहे की आम्हाला परके समजू नका. शेजारचा नेपाळी नागरिक 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे मोकळेपणाने येऊन राहू शकतो, आणि नेमक्या त्यामुळे दार्जिलिंगच्या भारतीयाला स्वतःच्याच देशात तू कुठला असे विचारले जाते. अशा माणसाच्या कथेवर आपण प्रबंधात ‘स्थलांतरित’ असा शिक्का मारला तर तो प्रश्न आपणच पुन्हा विचारला असे होईल. मग पराजुलींच्या संग्रहाचे काय करायचे? कथा वेगळ्या करा. कालिम्पोंगमधल्या दुकानदाराची कथा भारतीय कथा म्हणून वाचा. खुदुनाबारी आणि मॅनहॅटनच्या कथा तुमच्या विषयात घ्या. आणि अमितबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद लिहा, कारण तो अमेरिकेत भारतीय स्थलांतरित आहे आणि भाषेने नेपाळी, आणि साबित्रीशी त्याचे वागणे या दोन्ही गोष्टींनी ठरते.

तुलनेसाठी इंद्रबहादुर राई यांच्या नेपाळी कथांचे प्रवीण अधिकारी यांनी केलेले ‘लाँग नाइट ऑफ स्टॉर्म’ हे इंग्रजी भाषांतर जरूर हाताशी ठेवा. राई दार्जिलिंगचे; त्यांनी आपल्या माणसांना कोणाला समजावून सांगण्यासाठी लिहिले नाही. आधी त्यांच्या दोनतीन कथा वाचाव्यात, मग ‘द इमिग्रंट्स’, मग थापांची सिॲटलची कथा, आणि शिबिराची कथा त्यानंतर, भूतानच्या जनगणनेबद्दल निदान एक चांगला लेख वाचून झाल्यावर.